स्वस्त औषधाचे दुर्भिक्ष

शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीस कर्करोगाविरुद्ध उभे करणारी 'इम्युनोथेरपी' म्हटली की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे लाखो रुपयांची बिले येतात. ही भीती निराधार नाही. परंतु या पद्धतीचे एक जुने आणि कसोटीस उतरलेले औषध निराळ्या जातीचे आहे. नवजात बालकाच्या डाव्या दंडावर टोचली जाणारी क्षयप्रतिबंधक बी.सी.जी. लस हेच ते औषध होय.

मूत्राशयाच्या कर्करोगाच्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत निदानाच्या वेळी रोग स्नायूपर्यंत पोचलेला नसतो. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढता येते. खरे संकट पुढचे. रोग वारंवार उलटतो, आणि उलटताना स्नायूत शिरला तर बहुधा संपूर्ण मूत्राशयच काढावे लागते. म्हणून धोका अधिक असलेल्या रुग्णांच्या मूत्राशयात शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी नळीवाटे बी.सी.जी.चे द्रावण सोडतात. कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली अवघ्या नऊ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला, तेथून हा प्रघात पडला. प्रथम दर आठवड्यास एक अशा सहा मात्रा. पुढे तीन वर्षांपर्यंत ठरावीक महिन्यांनी तीन-तीन. औषध दोन तासांपर्यंत आत धरून ठेवायचे. मग जळजळ, वारंवार लघवी, क्वचित ताप. रुग्ण बहुधा साठीच्या पुढचे असतात. सोबत येणाऱ्या मुलाची वा सुनेची रजा बिलात दिसत नाही, तरी तीही खर्चातच धरली पाहिजे.

मात्रा कमी केल्या तर? पहिल्या वर्षी पंधराऐवजी नऊ मात्रांवर भागते का, हे युरोपातील एका चाचणीत तपासण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूर्ण मात्रा मिळालेल्यांत १२ टक्के, तर कमी मात्रा मिळालेल्यांत २७ टक्के रुग्णांचा रोग उलटला. कपात तेथेच थांबवावी लागली.

म्हणजे नियमित पुरवठा हा या उपचाराचा प्राण आहे, आणि नेमका तोच अनियमित झाला. टोरांटो येथील सनोफी कंपनीच्या कारखान्यातील उत्पादन २०१२ साली खंडित झाले व २०१७ मध्ये कायमचे बंद पडले. अमेरिकेसारखा धनाढ्य देश मर्क या एकाच उत्पादकावर विसंबून राहिला, आणि तेथील तज्ज्ञांना एक कुपी दोघा-तिघांत वाटून देण्याचा सल्ला द्यावा लागला. टंचाई झाली की किंमत चढते आणि नवे उत्पादक धावून येतात, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. येथे तसे घडले नाही. या जुन्या लसीवर कोणाचे पेटंट नाही, नफा तुटपुंजा; उलट जिवाणूची वाढ इतकी मंद की एक घाणा तयार होण्यास तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. बी.सी.जी. निष्फळ ठरलेल्या रुग्णांसाठी २०२० साली अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या महागड्या औषधास मान्यता मिळाली. स्वस्त औषधाच्या कुप्या मात्र मोजूनमापूनच मिळत राहिल्या.

भारतासही हा अनुभव नवा नाही. चेन्नईच्या गिंडी येथील सरकारी बी.सी.जी. प्रयोगशाळेचा परवाना उत्पादन-मानकांचे कारण देऊन २००८ साली निलंबित झाला आणि २०१० मध्ये ते निलंबन मागे घेण्यात आले. मधल्या काळात देश खाजगी उत्पादकांच्या हाती होता. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बालकांची लस बनविते, तसेच मूत्राशयासाठीचे औषधही. तिने तयार केलेली सुधारित बी.सी.जी. अमेरिकेतील रुग्णांना विशेष योजनेखाली देण्यास तेथील औषध प्रशासनाने २०२५ साली अनुमती दिली. याचा महाराष्ट्रास अभिमान वाटावा. पण एकाच कारखान्यावर विसंबण्याचे फळ काय, हे टोरांटोने दाखविले आहे.

शासनाने किमान दोन उत्पादकांशी, आणि त्यांपैकी एक सार्वजनिक क्षेत्रातील असावा, दीर्घ मुदतीचे खरेदी करार करणे मुळीच अवघड नाही. या मागणीत अनिश्चितता फारशी नसते. आज ज्याच्या सहा मात्रा पूर्ण झाल्या, त्याला अठराव्या महिन्याच्या तीन मात्रा कोणत्या आठवड्यांत लागतील, हे रुग्णालयाच्या नोंदवहीत आजच लिहिता येते.