नाशिकला जाताय? मग एक दिवस हातात ठेवून जा



कांद्याची लागण उरकली की गटागटांत सहलीचा विषय निघतो. मासिक बैठकीत ठराव होतो, माणशी पैसे ठरतात, आणि यादी बहुतेक ठरलेलीच असते. शिर्डी, वणीची देवी, त्र्यंबकेश्वर, आणि जाता जाता नाशिक. नाशिकला गाडी थांबते ती तासभर. रामकुंडावर पाय धुवायचे, काळारामाचं दर्शन, सीतागुंफेत वाकून जाऊन यायचं, चिवड्याची पुडी घ्यायची की ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागतो.

तसं नाशिक आपल्याला परकं नाही. टोमॅटोचे क्रेट घेऊन आपण मार्केटला गेलोय, पेशंट घेऊन सिव्हिलला गेलोय, घरातल्या कुणाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलोय. म्हणजे एकतर कामाला, नाहीतर दुःखाला. नुसतं बघायला, आपल्या मनाने आपल्यासाठी, किती जणी गेल्या? म्हणून आज आम्ही सांगणार आहोत की नाशिकला पुरा एक दिवस का द्यावा. आणि सुरुवात नदीवरून न करता डोंगरावरून करणार आहोत, कारण बचत गटाच्या बाईने बघायलाच हवी अशी गोष्ट तिथे आहे.

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागलं की सात-आठ किलोमीटरवर पांडवलेणी लागतात. नाव पांडवांचं असलं तरी पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ही बौद्ध लेणी. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. एकूण चोवीस लेणी आहेत आणि त्यातली सगळ्यात जुनी दोन हजार वर्षांपलीकडची. पावसाळ्यात भिक्खूंनी गावोगाव फिरायचं नाही, एका जागी राहायचं, असा नियम होता. त्यांच्यासाठी दगडात कोरलेल्या या खोल्या. खोल्या कोरायला पैसे कुणी दिले, ते भिंतींवर लिहून ठेवलंय. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत. आपल्याला वाचता येत नाहीत, पण वाचणाऱ्यांनी वाचून ठेवलीयत. एमिल सेनार नावाच्या एका फ्रेंच पंडिताने हे सगळे लेख अर्थासह 1905-06 साली छापले. कुठला फ्रान्स आणि कुठलं नाशिक, पण आपल्या भिंतीवरचं आपल्याला कळायला त्यांचे उपकार झाले खरे.

दहा नंबरच्या लेण्यात जा. नहपान नावाचा क्षत्रप राजा होता, त्याचा जावई उषवदात याने हे लेणं दिलं. त्यातल्या एका लेखात हिशेब लिहिलाय, आणि तो हिशेब आपल्या गटाच्या वहीतल्यासारखा आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. ठेवली कुठे? राजाच्या खजिन्यात नाही. गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन संघांकडे. आजही गंगापूरच्या बाजूला गोवर्धन नावाचं गाव आहे. एका संघाकडे दोन हजार, व्याज दरमहा शेकडा एक. दुसऱ्याकडे एक हजार, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं.

आता वही-पेन घ्या. दोन हजारांना शेकडा एकने महिन्याचे वीस होतात. वर्षाचे दोनशे चाळीस. लेखात पुढे लिहिलंय की या दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. वीस गुणिले बारा किती? दोनशे चाळीस. एक नाणं इकडचं तिकडे नाही. दुसऱ्या हजाराचे वर्षाला नव्वद होतात, ते वरखर्चाला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आहे आणि आज आपण बोटावर मोजला तरी जुळतो. वर असंही लिहिलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे गावच्या सभेत, जाहीर केलं आणि दप्तरात नोंदवलं. आपण ठराव वाचून कायम करतो आणि इतिवृत्तात लिहितो, तसंच.

यात आम्हाला सगळ्यात मोठी वाटते ती विश्वासाची दिशा. विणकर हात पसरून कर्ज मागायला राजवाड्यात गेले नव्हते. राजाचा जावई आपला पैसा घेऊन त्यांच्याकडे आला होता. कारण उघड आहे. संघाकडे रोजचा धंदा होता, माणसं एकमेकांना जामीन होती, आणि राजा बदलला तरी संघ राहणार होता. पैसा हाताशी आला की त्यांनी सूत घेतलं असेल, माग वाढवले असतील, आणि त्यातून व्याज फेडलं असेल. गटाला कर्ज देताना बँकेच्या साहेबाने कधी कपाळाला आठ्या घातल्या, तर ही गोष्ट त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

राजा बदललाही. जिल्ह्यातल्याच जोगलटेंभी गावात 1906 साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. सगळी नहपानाची. पण त्यातल्या बहुतेक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतला होता. चांदी तीच, नाव नवं.

हा गौतमीपुत्र कोण, ते तीन नंबरच्या लेण्यात कळतं. हे लेणं त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, दान दिलं. मुलगा गेल्यानंतर, नातू राज्य करत असताना. लेखात तिने मुलाची थोरवी सांगितली आहे. लढाया आहेतच, पण प्रजेच्या सुखदुःखात तो त्यांच्याबरोबरीने असे आणि कर धर्माने घेई, हेही तिने लिहवून घेतलं. सातवाहन राजे आईचं नाव पुढे लावत. गौतमीचा पुत्र तो गौतमीपुत्र, वासिष्ठीचा पुत्र तो वासिष्ठीपुत्र. हल्ली कागदपत्रांवर आईचं नाव घालायचा शासनाचा नियम आला तेव्हा आपल्यापैकी काही जणींना नवल वाटलं होतं. नवल कसलं, आपल्या डोंगरावर ते कधीचं कोरलेलं आहे.

राण्या सोडा, त्यांच्याकडे होतं म्हणून दिलं असं कुणी म्हणेल. पण विष्णुदत्ता नावाची एक बाई आहे. राणी नाही. नवरा आणि मुलगा हिशेबनीस, असं लेखावरून दिसतं. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात तिने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी पैसे ठेवले. ते ठेवले कारागिरांच्या संघांकडेच. एक हजार एका संघाकडे, तो बहुधा कुंभारांचा. दोन हजार पाण्याची यंत्रं करणाऱ्यांकडे, आणि काही तेल्यांकडे. बाईने स्वतःच्या नावाने ठेव ठेवली, ती तीन ठिकाणी विभागून, आणि कारण काय तर औषधं. आपल्या गटांत आजारपणाचा निधी वेगळा काढावा की नाही यावर अजून वाद होतात.

अठरा नंबरचं लेणं म्हणजे चैत्य, प्रार्थनेची जागा. त्याच्या कमानदार दारावर धंभिक गावाचं नाव आहे. गावाने मिळून दिलेली देणगी. त्याच ओळीत नाशिकचंही नाव आहे, म्हणजे हे नाव दोन हजार वर्षं तरी जुनं आहे. दाराखाली उभं राहून मान वर करा. लाकडी घराचे वासे, कड्या, जाळ्या असतात तशाच दगडात कोरल्यात.

लेणी उतरून गावात या. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, "गंगेवर जाऊन येते" हे तिथलं रोजचं बोलणं. ती उगम पावते त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, नाशिकहून तीसेक किलोमीटरवर, आणि चौदाशे किलोमीटरच्या वर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिकमध्ये ती अगदी लहान असते, पोरसवदा म्हणा. पण पावसाळ्यात हेच पोर रौद्र होतं. घाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पूर किती आला हे नाशिककर फुटात सांगत नाहीत. मारुतीच्या पायाला पाणी, कमरेला, छातीला, गळ्याला, असं सांगतात. 1969 चा, 2008 चा, 2016 चा पूर तिथली माणसं अजून याच मापाने आठवतात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही वाचता येणारी ही मोजपट्टी आहे, म्हणून आम्हाला ती फार आवडते.

जवळच नारोशंकराचं देऊळ आहे, 1747 सालचं. त्यावर मोठी घंटा टांगलेली दिसेल. वसईचा किल्ला मराठ्यांनी 1739 साली पोर्तुगीजांकडून घेतला, त्या विजयाची ही आठवण.

काळारामाच्या देवळात गेलात तर दर्शन घ्याच, पण दारात क्षणभर थांबा. रामशेजच्या काळ्या दगडाचं हे देऊळ पेशवाईतल्या ओढेकर सरदारांनी बांधलं. याच दारात 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड पुढे होते, आणि गावोगावच्या बाया त्यात होत्या. दरवाजे बंद केले गेले, दगडफेक झाली, अटका झाल्या. लढा अधूनमधून थांबत काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. मग 1935 साली याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. आज आपण सगळ्या जणी ज्या दारातून सहज आत जातो, तिथे आपल्यातल्याच काहींच्या आज्या उन्हात बसून होत्या. मुलींना बरोबर नेलंत तर त्यांना हे तिथेच उभं राहून सांगा.

नदीकाठाने वर गेलं की आनंदवल्ली आणि गंगापूर. आनंदवल्ली हे आनंदीबाईंचं, राघोबादादांच्या बायकोचं. गंगापूरला गोपिकाबाई राहायच्या, माधवराव आणि नारायणराव पेशव्यांच्या आई. एकीच्या मुलाच्या खुनाचा ठपका दुसरीवर आला, आणि दोघींचं नाव याच नदीच्या एकाच काठावरच्या शेजारच्या गावांशी जोडलेलं. वेळ नसेल तर हे सोडलं तरी चालेल, बघायला तिथे फार उरलेलं नाही.

भांडी बाजार मात्र सोडू नका. तांब्या-पितळेची घंगाळं, कळश्या, समया वजनावर मिळतात. जुनी मोड बदलून घ्यायची असेल तर घरीच वजन करून न्या, म्हणजे घासाघीस करता येते. बुधवारी गेलात तर गंगाघाटावरचा बाजारही सापडेल. काळ्या रश्श्याची मिसळ खा. गट पापड-मसाले करत असेल तर मिसळीबरोबर पापड कसा देतात, चिवडा कसा बांधून विकतात, हे नीट बघून या.

नदीचं एक कडू सांगायलाच हवं. पाणी स्वच्छ नाही. शहराचं सांडपाणी मिसळतं, उन्हाळ्यात पाणवेली माजतात, आणि कुंडांच्या तळाला काँक्रीट केल्याने आतले झरे बुजले, अशी नाशिककरांचीच तक्रार आहे. तीर्थ म्हणून डोक्याला लावा, लहान मुलांना पाजू नका. आपणही निर्माल्य, प्लॅस्टिक, जुने फोटो गंगेत टाकायला नेऊ नका.

आणि सिंहस्थ. बारा वर्षांनी येतो, पुढचा 2026-27 चा. पर्वणीच्या दिवशी स्नानाचं पुण्य मोठं असं आपण मानतो, पण 2003 च्या सिंहस्थात गर्दीत चेंगरून 39 माणसं गेली. रस्ते अरुंद, उतार मोठा. ज्यांच्या गटात म्हाताऱ्या बाया आहेत, गुडघे दुखणाऱ्या आहेत, कडेवर लेकरं आहेत, त्यांनी पर्वणीचे दिवस सोडून जावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता जायचं कसं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट मार्च 2023 पासून आहे, पंच्याहत्तर वर्षांवरच्या आज्यांना प्रवास मोफत. आधारकार्ड जवळ ठेवा. सकाळी आधी लेणी करा. पायऱ्या बऱ्याच आहेत, थांबत थांबत चढलं तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि अकरानंतर ऊन डोक्यावर येतं. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. पाणी खालूनच भरून घ्या. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. आपल्याकडचा पहिला सिनेमा 1913 साली काढणारे फाळके त्र्यंबकचे. बाग मोठी आहे, भाकरी सोडायला बरी. ज्यांना चढवत नाही त्या बायांना तिथे सावलीत बसवा, पण एकटीला ठेवू नका. दुपारनंतर सीबीएसहून पायी भांडी बाजार, सराफ बाजार करत घाटावर उतरा, संध्याकाळी रामकुंडावरची आरती करा. आणि दहा नंबरचं लेणं कुठलं, ते वर गेल्यावर तिथल्या रखवालदाराला विचारा. लेखाची अक्षरं भिंतीवर वरच्या बाजूला आहेत आणि ऊन तिरपं असताना जास्त ठळक दिसतात.