पैनगंगेचा वाढीचा तक्ता

सकाळी फिरायला जाण्याचा सल्ला आपण डॉक्टर मंडळी रुग्णांना मुक्तहस्ते देतो. त्या फेरफटक्याला कॅमेऱ्याची जोड दिली, तर पायांबरोबर नजरेलाही व्यायाम घडतो. या छंदाचा आपल्या व्यवसायातील वारसा जुना आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर आणि छायाचित्रकारही होते.

आदिलाबादेत टिपण्यासारखे आहे तरी काय, असे बाहेरगावचे स्नेही विचारतात. कुंतालाचा धबधबा त्यांना ठाऊक असतो. माझे मन मात्र रोजच्या दृश्यांत रमते: हंगामात बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच वेळी कानी पडणारे रस्ते, आणि जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील पैनगंगा.

ही नदी येथे स्थूलमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. आपण तिच्या दक्षिण तीरावरचे. वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, म्हणजे आपल्या पाठीशी असतो. त्यामुळे पलीकडचा महाराष्ट्राचा काठ उजळ दिसतो. सकाळचे तिरपे ऊन पडले, की पाण्यावरचा प्रत्येक तरंग उठून येतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सर्व दृश्ये मध्यम करड्या छटेची मानून चालतो. म्हणून आपली काळी जमीन फिकट उतरते आणि पांढरा कापूस मळकट. जमिनीसाठी प्रकाश थोडा घटवावा, कापसासाठी वाढवावा.

हे तंत्र लवकर साधते. खरी चिकाटी लागते ती एकाच जागी पुन्हा पुन्हा उभे राहण्यासाठी. मुलाचे एका दिवसाचे वजन फारसे काही सांगत नाही. महिन्यामहिन्याचे ठिपके जोडले, की तक्त्यावरील रेषा बोलू लागते. रोज डोळ्यांसमोर असलेले मूल हळूहळू खंगत चालल्याचे आईलाही चटकन जाणवत नाही. ते रेषेवरून कळते. नदीचेही तसेच आहे.

चनाका-कोरटा बंधाऱ्याबाबत ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र व तेलंगणा यांच्यात करार झाला. बंधारा उभा राहिला, की वरच्या अंगाला पाणी साठते आणि पात्रातील दगडगोटे, वाळूचे पट्टे पाण्याखाली जातात. त्या पाण्याने शेते भिजावीत, ही सर्वांचीच इच्छा आहे. पण आधीचा काठ कसा होता, हे नातवंडांना कोण दाखवणार? करार सरकारी दप्तरात राहतो. काठाचे रूप मात्र कोणी टिपले असेल, तरच उरते. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांनी मार्लवाई येथे गोंडांमध्ये राहून काढलेली छायाचित्रे आज इतिहासाचे साधन ठरली आहेत.

म्हणून एखादे झाड, खडक वा पुलाचा कठडा निवडावा. दर महिन्याला तेथूनच, त्याच दिशेने एक छायाचित्र घ्यावे. मोबाइलचा कॅमेराही पुरतो. तारीख आणि ठिकाण न विसरता लिहावे. तारखेविना छायाचित्र म्हणजे नावाविना केसपेपर. काठावर धुणे धुणाऱ्या स्त्रिया वा डुंबणारी मुले दिसली, तर आधी विचारावे; मुलांसाठी पालकांची संमती घ्यावी. दवाखान्यातला हा शिरस्ता नदीकाठीही पाळणे उचित.

आपल्या मंडळातील प्रत्येकाने शहरातील वा नदीकाठची एकेक जागा वाटून घेतली, तर दहा वर्षांत आदिलाबादचा एक वाढीचा तक्ता तयार होईल. त्यातील कोणती रेषा चढती आणि कोणती उतरती, हे तेव्हा अंदाजाने सांगावे लागणार नाही. पहिला ठिपका या महिन्यातच पडावा, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.