दुमडणारी सायकल आणि पितळेचा सांधा

ट्रस आणि बीममधला फरक व्हायवाला विचारला की भल्याभल्यांची दातखीळ बसते. मला तो नीट कळला एका युद्धातल्या सायकलीमुळे!

दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी दुमडणारी सायकल बनवली. वजन सुमारे 32 पौंड, म्हणजे साडेचौदा किलो. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाचे सैनिक अशा सायकली घेऊन उतरले.

आता गंमत बघा. साध्या सायकलीची फ्रेम म्हणजे जवळजवळ दोन त्रिकोण. त्यामुळे नळ्यांवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो, त्या वाकत नाहीत. पण सायकल दुमडायची तर वरची आणि खालची, दोन्ही नळ्या मधोमध कापाव्या लागतात. बीएसएने या नळ्यांना कमानीसारखा बाक दिला. बाजूने बघितलं तर लंबवर्तुळ दिसतं. दोन्ही कमानींवर एकेक बिजागरी, ती विंग नटने हातानेच आवळायची.

मला यातलं इंजिनिअरिंग असं दिसतं. दाराच्या बिजागऱ्या एका रेषेत लागतात आणि त्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं दार कमी डुगडुगतं. कमानीमुळे दोन्ही साधतं. पण फुकट काहीच मिळत नाही. बाकदार नळी भाराखाली आणखी वाकायला बघते, म्हणजे ट्रसची थोडी बीम होते.

दुसरी गोष्ट सांध्यांची. त्या काळी सायकलीची नळी सहसा लगमध्ये बसवून फटीत वितळलेलं पितळ भरत. यालाच ब्रेझिंग म्हणतात. पितळ साधारण 900 अंश सेल्सिअसला वितळतं, पोलाद 1500 च्या आसपास. म्हणून नळी शाबूत राहते.

हे सांगायचं कारण आपल्या हॉस्टेलच्या स्टँडमध्येच आहे. तिथे आजोबांच्या काळातल्या काळ्या सायकली अजून उभ्या आहेत. सांधा सुटला की आपण कोपऱ्यावर जाऊन आर्क वेल्डिंग मारून आणतो. त्या उष्णतेने पितळातल्या जस्ताची वाफ होते, वेल्डमध्ये भोकं राहतात, पातळ नळी जळते. ती वाफ छातीत गेली तर वेल्डरला ताप भरतो तो वेगळाच! वरून सांधा झकास दिसतो आणि एखाद्या उतारावर फ्रेम दगा देते.

तेव्हा आधी सांध्याच्या कडेला कानस मारून बघा. पिवळं चमकलं, तर ब्रेझिंगच करून घ्या. शंका असेल तर वर्कशॉपच्या मामांना विचारा. पाच मिनिटं जातील, पण दात वाचतील!