‘स्कँडलाइज’: सापळ्यातल्या काडीपासून कोर्टापर्यंत

‘स्कँडल’ म्हटलं की आपल्याला घोटाळा आठवतो. पण ‘स्कँडलाइज’ या क्रियापदाचा पैशांच्या अफरातफरीशी संबंध नाही. एखाद्याच्या वागण्या-बोलण्याने दुसऱ्याच्या नीतिकल्पनांना धक्का बसला, ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवले, तर तो ‘स्कँडलाइज’ झाला असं इंग्रजीत म्हणतात.

मूळ शब्द ग्रीक, ‘स्कँडलॉन’. सापळ्यात आमिष अडकवलेली काडी असते ना, प्राण्याने तिला तोंड लावलं की झाकण खाडकन पडतं, ती ही काडी. नव्या करारात तो शब्द माणसाला पापात पाडणाऱ्या अडथळ्यासाठी आला. मराठी बायबलने त्याला ‘अडखळण’ हा फार नेमका शब्द दिला आहे. म्हणजे मुळात भावना दुखावणं गौण होतं, दुसऱ्याचा पाय घसरवणं हा खरा दोष होता. पुढे लॅटिन आणि फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत पोचला. बदनामी या अर्थाचा ‘स्लँडर’ त्याचाच भाऊ.

‘स्कँडलाइज’चा बदनामी करणं हा जुना अर्थ आपल्या कायद्यात अजून जिवंत आहे. न्यायालय अवमान अधिनियम, 1971 मध्ये फौजदारी अवमानाच्या व्याख्येत कोर्टाला ‘स्कँडलाइज’ करणं येतं. तिथे न्यायाधीशांना धक्का बसला का, हा प्रश्न नसतो. न्यायसंस्थेची लोकांतली पत घालवली का, हे पाहतात. बातमी वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा गुन्हा 2013 साली कायद्यातून काढून टाकला. आपल्याकडे तो कायम आहे.