1-15 विरुद्ध 0-18 म्हणजे बरोबरी! गेलिक फुटबॉलमध्ये एका पॉइंटवरून एवढा वाद का होतो?

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलची लीग मॅच अटीतटीची झाली की मॅच संपते, चाहत्यांचा वाद संपत नाही. असं का?

आधी स्कोअर समजून घेऊ. चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 पॉइंट. आडव्या दांड्यावरून, दोन खांबांच्या मधून गेला तर 1 पॉइंट. म्हणून 1-15 आणि 0-18 ही बरोबरी. 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला 2 पॉइंट मिळतात. त्यामुळे 1 पॉइंटची आघाडी शेवटच्या किकवरही उलटू शकते. मग ‘लांबून मारायला हवं होतं की नको?’ यावर वाद रंगतो.

पण खरं कारण गुणतक्त्यात आहे. प्रत्येक डिव्हिजनमध्ये 8 संघ आणि प्रत्येकाच्या वाट्याला फक्त 7 सामने. खालचे 2 संघ थेट खालच्या डिव्हिजनमध्ये जातात. शिवाय उन्हाळ्यात मानाच्या सॅम मॅग्वायर चषकासाठी खेळायचं की दुय्यम टॅल्चन चषकासाठी, हेही अनेक काउंटींसाठी लीगमधल्या क्रमांकावरून ठरतं.

हे खेळाडू हौशी आहेत. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून ते आपल्या काउंटीसाठी खेळतात. म्हणूनच फेब्रुवारीत हुकलेला एक पॉइंट उन्हाळ्यातही सलतो.