रानडुकरावर तीर चालवता येतो का?

मन आणि म्हैस नद्यांकाठच्या बाळापूर परिसरात हरभरा पेरला की शेतकऱ्याची जागल सुरू होते. रानडुकरं दिवसा काटेरी झुडपांत पडून राहतात, रात्री कळपानं येऊन तास उकरतात. मग प्रश्न निघतो: बंदूक नको, आवाज नको, ई-क्लास जमिनीवर धनुष्यबाण घेऊन दबा धरला तर?

नाही चालत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच धनुष्यबाण आहे. फासे, जाळी आणि विषही. शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच, म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जमीन सरकारी की स्वतःची, यानं फरक पडत नाही.

वाट आहे, पण कागदाची. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 नुसार अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेलं जनावर मात्र सरकारचं. मटणाचे वाटे पाडता येत नाहीत.

तीर तसाही बेभरवशाचा. डुकराची नजर बेताची, नाक भलतं तिखट. वारा फिरला की ते पसार. तीर ओझरता लागला तर जखमी डुक्कर तुरीत दडतं आणि सकाळी मजुरीला आलेल्या बाईसमोर सुळे घेऊन उभं राहतं.

पीक गेलंच असेल तर शेत आवरण्याआधी फोटो काढा आणि लगेच वन विभागाकडे अर्ज द्या. भरपाई पंचनाम्यावरच ठरते.