आमची मोटार भाकरीवर चालते

माहूरच्या नवरात्राच्या यात्रेत बाबांनी आम्हा दोघा भावांत एक चावीची मोटार घेतली. चावी दिली की ती घर्रर्र करत ओसरीभर पळायची. तिला ना बैल, ना डिझेल, ना सेल! मग ती चालते कशी? मी गुरुजींना विचारलं.

गुरुजी म्हणले, "सकाळी काय खाल्लंस?"

मी म्हणलो, "भाकर आन् पिठलं."

"मग तुझी मोटार भाकरीवर चालते!"

सगळा वर्ग हसला. पण ते खरंच आहे. ज्वारीचं पीक उन्हातून ऊर्जा घेतं. ती भाकरीतून आपल्या अंगात येते. त्या जोरावर हात चावी पिळतो. मोटारीच्या आत पोलादी पट्टीची गुंडाळी असते. तिला स्प्रिंग म्हणतात. ती आवळली की ऊर्जा तिच्यात साठते. मोटार सोडली की पट्टी उलगडते, दात्यांची चाकं फिरतात आणि मोटार पळते.

एक दिवस मी चावी जास्तच पिळली. कडक् आवाज झाला. स्प्रिंग तुटली. मी मोटार गुपचूप जागेवर ठेवली. मग धाकट्यानं ती हातात घेतली आन् बोलणी त्यालाच बसली.

नंतर मी मोटार खोलली. आतली तुटकी स्प्रिंग व दाते काढले. चाकं मोकळी झाली. एका विटेवर फळी टेकवून मोटार वरून सोडली. ती ९ वीत गेली. दोन विटा ठेवल्या तर १७ वीत गेली! मोटार वर उचलताना हाताची ऊर्जा उंचीत साठते. जास्त उंच, तर जास्त ऊर्जा.

अंगणातल्या धुळीत मात्र ती ३ वीतच गेली. मग उरलेली ऊर्जा कुठं गेली? घासण्यात गेली. तिची उष्णता आणि थोडा आवाज झाला. तळहात एकमेकांवर जोरात घासून बघा, ऊन लागतील. रेणुकादेवीच्या गडाचा घाट चढताना एस.टी.च्या डिझेलमधली काही ऊर्जा अशीच उंचीत साठते. उतरताना ब्रेक लावले की ते तापतात.

म्हणजे ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते.

मोटार मीच मोडली, हे मी काल आईला सांगितलं. आता फळीवरून पहिली पाळी रोज धाकट्याची असते.

— इयत्ता ४ थी